एप्रिल नको, मे चालेल

भोसरी, पुणे
दि. १२ मे २०१९

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. येत्या आठवड्यात तू साहेबांकडे पगारवाढीचा विषय काढणार आहेस आणि काय बोलावे हे मला विचारतोस, म्हणून माझ्या बाबतीत जे घडले ते सविस्तर लिहितो. त्यात माझी फजितीही आहे, ती वगळत नाही.

मार्चच्या अखेरीस मी पहिल्यांदा केबिनमध्ये गेलो आणि आईच्या गुडघ्यांपासून वाढलेल्या घरभाड्यापर्यंत सगळे सांगून बसलो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले, चहा मागवला आणि म्हणाले, "घर सगळ्यांनाच आहे." मला राग आला, पण रात्री विचार केला तेव्हा वाटले की चुकले माझेच, कारण मी मजुरी मागायला गेलो होतो आणि बोललो मात्र मदत मागितल्यासारखे.

दुसऱ्या खेपेस मी इन्स्पेक्शनचे रजिस्टर घेऊन गेलो. तुला ठाऊक आहे, मला लिहून ठेवण्याची खोड आहे, आणि तिच्यावरून तू मला कॉलेजात पुष्कळ छळलेसही. आदल्या वर्षी कस्टमरकडून माल परत येऊन तीन वेळा डेबिट नोट, म्हणजे खराब मालाची रक्कम आमच्याकडून वळती करून घेतल्याची चिठ्ठी, आली होती. त्यानंतर आटे तपासायचा गेज झिजला असल्याचे मी शोधून काढले, दर सोमवारी गेज तपासण्याची पद्धत लावली आणि पुढच्या वर्षभरात एकही डेबिट नोट आली नाही. त्या तीन नोटांची बेरीज मी कागदावर मांडली आणि त्याखाली माझी मागणी लिहिली: महिना २०,४०० वरून २४,०००. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि २२,८०० वर व्यवहार ठरला. आकडा सांगून झाल्यावर मी गप्प बसलो, ते मिनिटभर फार जड गेले. पण मध्येच बोललो असतो तर मीच तो आकडा खाली आणला असता.

खरी गोष्ट यापुढेच आहे. ही बातमी मी आमच्या हिशेबनीस काकांना सांगितली, तेव्हा त्यांनी अभिनंदन करण्याऐवजी विचारले, "कोणत्या तारखेपासून?" मी म्हणालो, १ एप्रिल. त्यांनी कपाळाला हात लावला. ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची, पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपयांची आहे आणि तिचा वर्गणीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा चालतो. काळ सुरू होतानाच पगार मर्यादेपलीकडे गेला तर आपली वर्गणी लगेच बंद होते. सुरू झाल्यानंतर गेला तर तो काळ संपेपर्यंत आपण आतच राहतो, आणि एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ मिळतो. आईची औषधे मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयातून येतात, हे मला ती वाढ मागताना आठवलेच नव्हते! मी परत जाऊन वाढ १ मेपासून देण्याची विनंती केली. कमी पैसे मागायला आलेला माणूस साहेबांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा. एका महिन्याचे २,४०० रुपये गेले, पण पुढच्या जूनपर्यंतची सोय झाली आणि तोवर आईचा विमा उतरवण्यास अवधी मिळाला.

दुसरा प्रश्न वाढ कुठे घालायची याचा होता. ती सगळी भत्त्यांत दाखवावी, म्हणजे हातात जास्त पडेल, असे ऑफिसचे म्हणणे होते. मी ती सगळी मूळ पगारात मागितली. त्यामुळे माझे पीएफचे २८८ रुपये जास्त कापले जातील हे खरे, पण तेवढेच मालकालाही भरावे लागतील. शिवाय नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर, वर्षाला पंधरा दिवसांच्या हिशेबाने, महिन्याचे २६ दिवस धरून मिळते, म्हणजे नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे सुमारे १,३८५ रुपयांचा फरक पडतो. सरसकट सगळ्यांना मिळणारे भत्ते पीएफसाठी मूळ पगारातच धरावेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने याच फेब्रुवारीत दिल्यामुळे ऑफिसनेही फार ताणले नाही. अखेर निम्मी रक्कम मूळ पगारात आणि निम्मी भत्त्यांत असे ठरले. मला ते पुरेसे वाटत नाही, पण त्या दिवशी मी तिथेच थांबलो.

तू १९,००० च्या घरात आहेस आणि तुझी वाढ जूनपासून लागणार आहे, तेव्हा तारखेची अडचण तुला लगेच येणार नाही. पण २१,००० च्या थोडेच वर नेणारी वाढ स्वीकारण्याआधी वहिनींच्या बाळंतपणाचा विचार कर. वरच्या साताठशे रुपयांसाठी सातपूरचे ईएसआय रुग्णालय सोडणे मला तरी परवडले नसते. पगाराच्या स्लिपची प्रत मला पाठव, काकांना दाखवून रविवारपर्यंत कळवतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विलास