पाकिटावरची घटकयादी अपुरी, तर वर्ज्य आहार पाळायचा कसा?

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

काही खाद्यपदार्थ ठरावीक काळ पूर्णपणे बंद करायचे, त्रास थांबतो का ते पाहायचे आणि मग एकेक पदार्थ पुन्हा सुरू करून नेमका कशाने त्रास होतो ते शोधायचे, या पद्धतीला डॉक्टर व आहारतज्ज्ञ ‘एलिमिनेशन डाएट’ म्हणतात. वैद्यकशास्त्रात ती जुनीच आहे. परंतु २००९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘होल थर्टी’ या तीस दिवसांच्या कडक आहारामुळे ती घराघरांत पोहोचली असून आता आपल्याकडील शहरांतही अनेकजण ती करू लागले आहेत. आमच्या जाऊबाईंना पोटाच्या जुन्या दुखण्यासाठी याच धर्तीचा आहार सांगण्यात आला आणि स्वयंपाकाची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे प्रत्येक जिन्नस ‘चालतो की नाही’ हे तपासण्याचे कामही माझ्याकडे आले. त्या तपासणीत ज्या अडचणी येतात त्या आमच्या घरापुरत्या नाहीत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

या आहारात गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी यांसह सर्व धान्ये, सर्व डाळी आणि कडधान्ये, शेंगदाणे, सोयाबीन, साखर, गूळ, मध आणि मद्य हे सारे बंद असते, तसेच तूप सोडून दुधाचे बाकी सर्व पदार्थही बंद असतात. उरतात त्या भाज्या, फळे, अंडी, मासे, मटण, खोबरे, काजू-बदाम आणि मसाले. वरवर पाहता हे सोपे वाटते, कारण भाजी ही भाजीच असते. परंतु भाजीला फोडणी दिली की प्रश्न सुरू होतात. या पद्धतीचे सारे मोल वर्ज्य पदार्थ खरोखरच पोटात गेला नाही या खात्रीवर अवलंबून आहे. नकळत काही पोटात जात राहिले आणि त्रास थांबला नाही, तर हा आहार निरुपयोगी ठरला की तो पाळलाच गेला नव्हता, हे सांगायला मार्ग उरत नाही आणि रुग्णाने इतके दिवस केलेला संयम वाया जातो.

उदाहरण म्हणून हिंगाची डबी घ्यावी. आपण ज्याला हिंग म्हणून फोडणीत घालतो तो बहुतेक वेळा बांधानी हिंग असतो, म्हणजे मूळ हिंगात खाण्याचा डिंक आणि धान्याचे पीठ किंवा स्टार्च मिसळून केलेले मिश्रण. यात बेकायदा काहीही नाही. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो तसाच वापरणे अवघड जाते आणि अन्न कायद्याने अशा मिश्रणाला परवानगी दिलेली आहे. डबीच्या मागची बारीक अक्षरे वाचली तर कुठे तांदळाचे पीठ, कुठे गव्हाचे पीठ किंवा मैदा असे लिहिलेले दिसते, आणि घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिण्याचा नियम असल्यामुळे पिठाचे नाव हिंगाच्या आधी आले असेल तर डबीत हिंगापेक्षा पीठच अधिक आहे असा त्याचा सरळ अर्थ होतो. इथवर ग्राहकाला निदान कळते तरी. पुढे हाच हिंग गोड्या मसाल्यात, लोणच्यात, फरसाणात जातो, तेव्हा मात्र वाट बंद होते.

ती बंद होण्याचे कारण नियमातच आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या लेबलिंग आणि डिस्प्लेसंबंधीच्या २०२० च्या नियमावलीनुसार, अनेक घटकांपासून बनलेला एखादा जिन्नस अंतिम पदार्थात पाच टक्क्यांहून कमी असेल, तर अॅडिटिव्ह (रंग, परिरक्षक यांसारखी मिसळलेली द्रव्ये) सोडून त्याच्या पोटातील घटक स्वतंत्रपणे सांगण्याची सक्ती उत्पादकावर नाही. मसाल्यात हिंगाचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आतच असणार, हे कोणतीही गृहिणी सांगेल. शिवाय मसाल्याच्या पदार्थांसाठी ‘मिक्स्ड स्पाइसेस’ एवढे सामूहिक नाव देण्याची मुभा आहे. त्यामुळे भाकरवडीच्या किंवा तयार वाटणाच्या पाकिटावर ‘मिक्स्ड स्पाइसेस’ असे दोन शब्द येतात आणि त्यांच्याआड नेमके कोणते जिन्नस आहेत हे तपासणाऱ्याला कळत नाही.

यावर असे म्हटले जाईल की अॅलर्जी आणणारे पदार्थ जाहीर करण्याचे बंधन आहेच. ते आहे, आणि त्याचा गव्हासारख्या पदार्थांच्या बाबतीत मोठा आधार वाटतो. परंतु त्या यादीत ग्लुटेन (गव्हासारख्या धान्यांतील एक प्रथिन) असलेली धान्ये, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन आणि किलोमागे दहा मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक सल्फाइट (गंधकापासूनचे परिरक्षक) एवढेच गट आहेत. तांदळाचे पीठ, हरभऱ्याची डाळ, उडीद, तीळ आणि मोहरी त्यात नाहीत. युरोपात तीळ आणि मोहरी दोन्ही जाहीर करावे लागतात, आणि अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ सक्तीच्या यादीत आला. ज्या महाराष्ट्रात मोहरीवाचून फोडणी होत नाही आणि गोड्या मसाल्याला तिळाशिवाय चव येत नाही, तेथे हे दोन जिन्नस यादीबाहेर राहावेत हे मला अत्यंत अनुचित वाटते. सांबार मसाल्यात डाळ भाजून घालतात आणि मेतकुटाचा तर पायाच डाळ, तांदूळ व गहू हा आहे. आपल्याला हे ठाऊक असते ते घरात शिकल्यामुळे, पाकिटामुळे नव्हे. परगावी एकट्याने राहणाऱ्या आणि मसाला कधीही घरी न केलेल्या मुलामुलींना ते कसे कळावे?

सुट्या मालाची गोष्ट याहून कठीण आहे. आमच्या सांगली-तासगाव भागातील बेदाणा सर्वत्र नावाजलेला आहे. घड वाळवण्यापूर्वी ते डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात आणि रंग उजळ राहावा म्हणून बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. पाकीटबंद बेदाण्यावर सल्फाइटची नोंद पाहायला मिळू शकते. पोत्यातून काढून कागदी पुडीत बांधून दिलेल्या बेदाण्यावर ती कुठे असणार? ज्याला सल्फाइटने दमा उसळतो त्याच्यासाठी ही माहिती अनावश्यक चौकशी नाही. दुकानदाराला विचारले तर ‘एक नंबर माल आहे, वहिनी’ असे उत्तर मिळते. त्यात त्याची लबाडी नसते, कारण त्यालाही कोणी काही सांगितलेले नसते.

हाच अनुभव पिठाच्या गिरणीत येतो. बंदीचा काळ संपून पदार्थ पुन्हा सुरू करताना आम्ही गव्हाच्या आधी ज्वारी घ्यायचे ठरवले, कारण ज्वारीत ग्लुटेन नसते. परंतु आमच्या गिरणीत ज्या जात्यावर आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळलेले असतात, त्याच जात्यावर पुढची ज्वारी पडते आणि पहिल्या काही मुठींत गव्हाचे पीठ उतरते. पांढऱ्या ज्वारीच्या पिठात ते डोळ्यांना दिसतही नाही. आपल्याकडे पदार्थाला ‘ग्लुटेन फ्री’ म्हणण्यासाठी किलोमागे वीस मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ती लक्षात घेता अशा दळणाने ज्वारीची परीक्षा होत नाही, ज्वारी आणि गव्हाची मिळून होते. ‘बाजरीवर ज्वारी चालेल, गव्हावर नको’ असे सांगण्याची रीत आपल्या बायकांना जुनी आहे आणि बहुतेक गिरणीवाले ती समजून घेतात. आठवड्यातील एखादी सकाळ, जाते झाडून, केवळ ज्वारी-बाजरी-नाचणीच्या दळणासाठी राखून ठेवली आणि तशी पाटी लावली, तर सिलियाक रोग (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्या रुग्णांचीही मोठी सोय होईल.

आणखी एक गैरसमज येथे नोंदवणे आवश्यक वाटते. या आहाराच्या तयार याद्या मोबाइलवर फिरतात, त्या बहुधा अमेरिकेतील दुकानांसाठी केलेल्या असतात. तेथील आयोडीनयुक्त मिठात आयोडाइड टिकवण्यासाठी डेक्स्ट्रोज, म्हणजे एक प्रकारची साखर, घालतात आणि मिठाला त्या आहारात मुद्दाम अपवाद केलेला आहे. आपल्याकडे मिठात पोटॅशियम आयोडेट वापरले जाते आणि त्याला डेक्स्ट्रोजची गरज नसते, त्यामुळे मिठाची चिंता येथे फारशी लागू होत नाही. उलट हिंग, मेतकूट, तयार सांबार मसाला यांचे नावही त्या याद्यांत नसते. शेंगदाण्याचे तेलही अनेक याद्यांत बंद दाखवलेले असते, हे तेथील वाचकाला सहज पाळता येते. आमच्या भागातील कित्येक घरांत तेल म्हणजे शेंगतेलच. पाहुणे म्हणून आपण ज्यांच्या घरी जेवतो, त्यांच्या फोडणीत कोणते तेल आहे हे विचारणे रुग्णाला संकोचाचे वाटते, पण विचारल्यावाचून इलाजही नाही.

भाषेचा मुद्दाही गंभीर आहे. पाकिटावरील माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत देणे बंधनकारक आहे. मराठी घालायला मनाई नाही, पण सक्तीही नाही. स्वयंपाक ज्यांच्या हातात आहे अशा असंख्य स्त्रिया मराठीच वाचतात. त्यांच्यापुढे ‘आयएनएस ३२२’, ‘आयएनएस १४२२’, ‘माल्टोडेक्स्ट्रिन’ असे सांकेतिक क्रमांक आणि नावे लिहून आली, तर पहिले लेसिथिन असून ते बऱ्याचदा सोयाबीनचे असते, दुसरा प्रक्रिया केलेला स्टार्च आहे आणि तिसरे स्टार्चपासूनच तयार होते, हे त्यांना कोण सांगणार? याच स्त्रिया उपासाला काय चालते आणि काय नाही हे इतक्या काटेकोरपणे सांभाळतात की जिरे चालते, मोहरी नाही, कोथिंबीर या घरात चालते, त्या घरात नाही, असे भेदही त्यांच्या तोंडपाठ असतात. तपासून घेण्याची सवय आणि चिकाटी आपल्या समाजात भरपूर आहे. त्यांना कळेल अशा शब्दांत लिहिलेली पुरी माहिती तेवढी मिळत नाही.

म्हणून अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मसाल्यांच्या आणि हिंगाच्या बाबतीत पाच टक्क्यांची सवलत काढून घ्यावी, डाळी, तीळ आणि मोहरी यांची नोंद सक्तीची करावी आणि महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या मालावर घटकांची यादी वाचता येईल एवढ्या अक्षरांत मराठीतही द्यावी, अशी माझी विनंती आहे. सुटा माल विकणाऱ्या दुकानदारांनी मूळ पोत्यावरचे किंवा खोक्यावरचे लेबल फेकून न देता ते मागणाऱ्याला दाखवावे, एवढे तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला आजही सुचवता येईल. बचत गटांच्या भगिनी मसाले, लोणची आणि भाजणी उत्तम करतात. त्यांनी पिशवीत हाताने लिहिलेली संपूर्ण यादी, हिंग कोणत्या पिठाचा आहे यासह, टाकली तर त्यांच्या मालाला असा ग्राहक आपण होऊन शोधत येईल.

डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांनाही एक सांगणे आहे. असा आहार मधुमेही, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांनी स्वतःच्या मनाने करू नये, हे आपण आवर्जून सांगता, ते योग्यच आहे. परंतु रुग्णाच्या हाती जो छापील कागद देता, त्यावर ‘ग्रेन्स, लेग्यूम्स, डेअरी’ असे तीन शब्द न लिहिता हिंग, मेतकूट, सांबार मसाला, दाण्याचे कूट, शेंगतेल, आमसुलाचे तयार सरबत, सुटा बेदाणा अशी आपल्या स्वयंपाकघरातील नावे लिहावीत आणि प्रत्येकासमोर चालते, चालत नाही किंवा लेबल पाहून ठरवावे, असे नोंदवावे.

आपली नम्र,
एक गृहिणी, सांगली