नोंद धावते, निकाल मागे राहतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोलीस, न्यायालये आणि कारागृहे यांची माहिती संगणकाने एकमेकांशी जोडली जात असल्याच्या बातम्या अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात. त्यांत किती ठाणी जोडली गेली आणि किती नोंदी भरल्या गेल्या याचे आकडे अभिमानाने दिलेले असतात. मात्र एकदा भरलेली नोंद पुढे निराधार ठरली, तर ती कोणी, कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून काढायची, याचा त्या बातम्यांत उल्लेख नसतो. न्यायालयीन सेवेत आयुष्य गेलेल्या माणसाला ही उणीव विशेष खटकते, म्हणून हा पत्रप्रपंच.

‘सीसीटीएनएस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पोलीस ठाण्यांना जोडणाऱ्या जाळ्याला केंद्राने २००९ मध्ये सुमारे दोन हजार कोटी रुपयांची मंजुरी दिली. आता त्यापुढे जाऊन पोलीस, न्यायालये, कारागृहे, अभियोग विभाग आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा यांना एकत्र गुंफणाऱ्या ‘आयसीजेएस’च्या दुसऱ्या टप्प्यासाठी २०२२ मध्ये ३,३७५ कोटी रुपये मंजूर झाले आहेत. याचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. एका जिल्ह्यातून चोरीस गेलेली दुचाकी दुसऱ्या जिल्ह्यात बेवारस सापडली, तर चासी क्रमांकावरून मूळ फिर्याद हाती लागणे ही पूर्वी महिनोन्‌महिन्यांच्या पत्रव्यवहाराची बाब होती.

परंतु जुन्या व्यवस्थेच्या गैरसोयीतच आरोपीला थोडे संरक्षण होते, हे आपण विसरतो. ठाण्यातल्या जाडजूड रजिस्टरमधील नोंद त्या ठाण्याच्या हद्दीबाहेर सहसा जात नसे. माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला की तिचा पाठलाग तिथेच थांबे. आज तीच नोंद देशभरात कोठेही क्षणार्धात दिसू शकते. निकालाचे मात्र तसे नाही. खटला उभा राहतो, वर्षे जातात, साक्षीदार फितूर होतात किंवा पुरावाच नसतो आणि आरोपी निर्दोष सुटतो. निकालपत्र न्यायालयाच्या संकेतस्थळावर येते, पैरवी कर्मचारी (ठाण्याच्या वतीने न्यायालयातील कामे पाहणारा पोलीस) ते ठाण्याला कळवतो आणि नंतर कोणीतरी ते संगणकात भरायचे असते. बंदोबस्त, समन्स, वॉरंट आणि मुद्देमालाच्या धबडग्यात हे काम शेवटी राहिले, तर मला नवल वाटत नाही. पुढे तोच माणूस सुरक्षारक्षकाच्या किंवा वाहनचालकाच्या नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीचा अर्ज करतो, तेव्हा पडद्यावर फक्त ‘गुन्हा दाखल’ एवढेच दिसते. मग निकालाची प्रमाणित प्रत घेऊन हेलपाटे त्यानेच घालायचे.

शरीराच्या मोजमापांबाबत तर हा प्रश्न अधिकच गंभीर आहे. १९२० च्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने बोटांचे ठसे, छायाचित्रे, बुबुळे आणि काही मर्यादांसह जैविक नमुनेसुद्धा घेण्याचा अधिकार दिला. ही माहिती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे ७५ वर्षे राहणार आहे. पूर्वी दोषी न ठरलेला माणूस सर्व कायदेशीर मार्ग संपल्यावर निर्दोष सुटला, तर न्यायालयाचा वेगळा आदेश नसल्यास त्याची माहिती नष्ट करावी, असे कलम ४ मध्ये आहे हे खरे. पण नियमांनी त्यासाठी राज्याने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे विनंती करण्याची वाट दाखवली आहे. म्हणजे माहिती घेताना यंत्रणेने पुढाकार घ्यायचा आणि ती पुसताना मात्र नागरिकाने अर्जदार व्हायचे! २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने दुरुस्ती आणि विलोपनाचा हक्क दिला खरा, पण गुन्ह्यांचा प्रतिबंध, तपास आणि खटला यांसाठी वापरलेल्या माहितीला त्यातून सूट आहे.

याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. १८७१ च्या कायद्याने ज्यांच्यावर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्या जमातींची नावे १९५२ मध्ये कागदावरून उतरली. तरी चोरी झाली की पहिली विचारपूस पारध्यांच्या पालावर होते, हे महाराष्ट्रात कोणाला नव्याने सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२४ मध्ये दिल्लीतील एका प्रकरणाच्या निमित्ताने, वंचित समाजांतील निरपराध व्यक्तींची ‘हिस्ट्री शीट’ (संशयितांवर नजर ठेवण्यासाठी पोलीस ठेवतात ती नोंदपत्रिका) यांत्रिकपणे उघडली जाऊ नये, याकडे सर्व राज्यांचे लक्ष वेधले. अशा जुन्या संशयाच्या नोंदी तपासल्याविना संगणकात शिरल्या, तर पूर्वग्रहालाच सरकारी पुराव्याचे रूप येईल.

न्यायालये आणि पोलीस एकाच जाळ्यात आली असतील, तर निर्दोष मुक्ततेचा निकाल ठाण्याच्या नोंदीला आपोआप जोडला जाणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नसावे. अपिलाची मुदत संपताच माहिती नष्ट करण्याची प्रक्रिया, अर्जाची वाट न पाहता, यंत्रणेनेच सुरू करावी. चारित्र्य पडताळणीच्या अहवालात खटल्याच्या निकालाचा रकाना सक्तीचा असावा आणि कोणाची नोंद कोणी, कशासाठी उघडली याची छाननी पोलीस दलाबाहेरील अधिकाऱ्याकडून व्हावी. ही व्यवस्था बसेपर्यंत राज्याच्या गृह विभागाने निदान एवढे तरी करावे: नोडल अधिकाऱ्याचे पदनाम, पत्ता आणि अर्जाचा मराठी नमुना प्रत्येक पोलीस ठाण्याच्या दर्शनी फलकावर लावावा आणि निर्दोष सुटलेल्या प्रत्येकाला निकालाच्या प्रतीसोबत तो नमुना न्यायालयातच हाती द्यावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सातारा