माडाला कान लावणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर फार काही वाचत नाही हे ठाऊक आहे, पण लेक वाचून दाखवेल. आभार समोर उभं राहून मानायचे असतात. पण त्या दिवशी चहा अर्धाच टाकून तुम्ही पुढच्या आगरात नारळ पाडायला निघालात आणि माझं बोलायचं ते राहूनच गेलं.

वैशाखात दापोलीकडे घरामागे काय धांदल असते ते तुम्हाला मी काय सांगणार! विहीर तळाला गेलेली, शिंपण्यापुरतं पाणी जेमतेम, आणि पाऊस तोंडावर. माडांची आळी भरायची, हळदीचं बेणं काढून ठेवायचं, पडवळ-दोडक्यांना मांडव घालायचा, गच्चीवर कोकमं वाळत पडलेली ती सारखी परतायची. त्यातच विहिरीकडच्या माडाचा शेंडा बिघडला. नवी झावळी उलगडली ती दोन्ही अंगांनी त्रिकोणी कातरलेली, आणि मधला कोंब कलला होता.

तो माड सासूबाईंच्या हातचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या पोफळी एकीवर एक आडव्या झाल्या, शेजारचे माड मुळासकट गेले, हा तेवढा उभा राहिला. त्याच्यावर मिरवेल चढली आहे. खाली अळू, आळ्याच्या कडेला हळद. तो एक गेला की परसाचा तो सगळा कोपराच उन्हात उघडा पडणार होता.

तुमच्याआधी जे येऊन गेले त्यांची नावं घेत नाही. औषधाच्या दुकानात मी तोंड उघडायच्या आत बाटली काउंटरवर आली. माड केवढा, रोग कुठला, काही विचारलं नाही. दुसरे एक जाणकार म्हणून आले. फी आधी घेतली, मोबाईलमधला फोटो बोटांनी मोठा करून बघितला आणि म्हणाले, "सोंड्या भुंगा आहे, तोडून टाका, नाहीतर बाकीचेही जातील." सोंड्या म्हणजे बुंधा आतून पोखरणारा. माड दहा पावलांवर होता हो! तिथवर जायचेही कष्ट घेतले नाहीत. मग लाकूडवाला आला, त्याने तर बुंध्याचा भावच सांगितला. मुंबईच्या आमच्या भाच्यांनी रोज एक व्हिडिओ पाठवला, तो भाग सोडूनच द्या.

मग तुम्ही आलात, तेही शेजाऱ्यांचे नारळ पाडायला. मी गडग्यावरून हाक मारली.

तुम्ही आधी वर बघितलंच नाही. कमरेची आकडी मागे सरकवलीत, बुंध्याभोवती हात फिरवत एक फेरी मारलीत. भोक आहे का, लाल-तपकिरी रस गळतोय का, चघळलेला भुसा बाहेर आलाय का, हे बोटांनीच चाचपलंत. आणि मग तापाने फणफणलेल्या पोराच्या छातीला लावावा तसा माडाला कान लावलात, डोळे मिटून. पंप चालू होता, तो बंद करायला लावलात. थोडं सरकून पुन्हा कान लावलात, मग दुसऱ्या बाजूने. पोरं हसायला लागली तर त्यांना हातानेच गप्प केलंत.

"वैनी, आत कोन खात नाय. ह्यो गेंड्या हाय, वरचा. माड जगंल."

दादा, तेवढ्यावर मी आत जाऊन रडले. बाकी काय, वर चढलात, सायकलच्या चाकाची तार वाकवून केलेला आकडा कोंबाजवळच्या भोकात घातलात आणि तो गेंड्या भुंगा ओढून काढलात. काळा कुळकुळीत, डोक्यावर शिंग. तो खाली टाकलात तेव्हा आमचा मोती भुंकत मागे सरला. वरच्या बेचक्यांत निंबोळी पेंड नि वाळू भरलीत. जाता जाता गोठ्यामागचा जुना शेणखताचा खड्डा उकरायला सांगितलंत, तर आत अंगठ्याएवढ्या पांढऱ्या मुडपलेल्या अळ्या. "पाऊस लागला की ह्येच उडतात," म्हणालात. कोंबड्यांची त्या दिवशी चैन झाली. गेंड्याने केलेल्या जखमेत पुढे सोंड्या अंडी घालतो, म्हणून वेळेवर आलात हे किती बरं झालं, ते मला नंतर कळलं.

हे सगळं आणखी कुणी केलंही असतं. पंप बंद करून माडाला कान लावणारे मात्र तुम्ही एकटेच. न बघता, न ऐकता तोडा म्हणणं सोपं असतं, आणि त्याची फीसुद्धा मिळते. तुम्ही मजुरी घेतलीत ती एका माडावर चढायची जी असते तेवढीच. वर काही द्यायला गेले तर "त्यात काय" म्हणालात. आमच्याकडे अजून असली माणसं आहेत, आणि त्यांची चौकशी कुणी करत नाही. तुमचे गुडघे दुखतात, पोरगा हे काम करणार नाही म्हणतो, हे मी तुमच्या तोंडून ऐकलं. त्याला मी नावं ठेवणार नाही. माडावरून पडलेल्या माणसाला पुढे कोण विचारतं? पण नारळ पाडणारा पाडेली मिळत नाही म्हणून ओरडणाऱ्या आम्ही आगरवाल्यांनी आधी मजुरी वाढवावी, विम्याचं बघावं, मग ओरडावं. मी माझ्यापुरती वाढवली आहे. पुढच्या वेळी घासाघीस करायची असेल तर ती तुम्ही करा.

कोंब आता सरळ होतोय. पुढची झावळी कातरलेलीच निघेल, ती आधीच खाल्लेली आहे असं तुम्ही सांगून गेलात, त्यामुळे घाबरणार नाही.

पावसाआधी एकदा याच. तुमच्या घरच्यांसाठी आमसुलं भरून ठेवली आहेत. आणि तो तारेचा आकडा तुम्ही पडवीतच विसरलात. तो मी परत देणार आहे, पण चहा पूर्ण प्यायल्यावर.

तुमची,
विहिरीकडच्या माडाची वैनी