तुटतो आहे की वाकतो आहे, असे विचारणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

डिप्लोमा संपवून भोसरीतल्या टूलरूममध्ये मी आलो, तेव्हा स्ट्रेंग्थ, स्टिफनेस, हार्डनेस आणि टफनेस या चारही शब्दांच्या व्याख्या मला तोंडपाठ होत्या. मनात मात्र चारींचा अर्थ एकच होता, मजबूत. हा मराठी माध्यमाचा दोष असे मी बरीच वर्षे मानत होतो. इंग्रजी माध्यमातली मुलेही तोच घोळ घालताना पाहिली, तेव्हा ते खूळ डोक्यातून गेले.

ड्रिलिंग फिक्श्चरचा, म्हणजे भोके पाडताना काम पकडून ठेवणाऱ्या साधनाचा, पुढे आलेला हात दाबाखाली लवत होता आणि भोके जागेवर येत नव्हती, तो प्रसंग आपल्याला आठवत असेल. एमएस म्हणजे साध्या मऊ पोलादाऐवजी ईएन २४ हे मिश्रपोलाद वापरावे, अशी सूचना मी मोठ्या ऐटीत लिहून आणली. आपण एवढेच विचारलेत, "हात तुटतो आहे की वाकतो आहे?" मग समजावलेत, की ईएन २४ची यील्ड स्ट्रेंग्थ एमएसच्या दुपटीहून अधिक असली, तरी यंग्ज मॉड्युलस, म्हणजे स्टिफनेसचे, ताठपणाचे माप, दोन्ही पोलादांचा जवळपास सारखाच, सुमारे २०० गिगापास्कल असतो, त्यामुळे महागडे पोलाद कायमचे वाकण्याआधी अधिक भार सोसेल, पण आहे त्या भाराखाली तितकेच लवेल. उलट, आयताकृती पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने जाडी १० मिलिमीटरची १२ केली, की लवणे सुमारे ४२ टक्क्यांनी घटते. हात एमएसचाच राहिला, फक्त जाड झाला.

हार्डनेस आणि टफनेससाठी आपण फळ्याकडे गेलाच नाहीत. मोडीत निघालेली कानस फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये धरलीत आणि हातोडीच्या एका घावात तिचे दोन तुकडे केलेत. जिच्यावर तीच कानस सहज ओरखडे काढत असे, ती एमएसची सळई मात्र तेवढ्याच घावाने नुसती वाकली. ओरखड्याला दाद न देणे म्हणजे हार्डनेस आणि घाव सोसूनही न तुटणे म्हणजे टफनेस, हे तेव्हा कळले.

टॉलरन्स आणि अलाउन्स यांतला फरकही आपल्यामुळेच कळला : २५ मिलिमीटरच्या एच ७–जी ६ फिटमध्ये, म्हणजे भोकात शाफ्ट (दांडा) मोकळा फिरेल अशा जोडणीत, भोकाच्या मापाला २१ आणि शाफ्टच्या मापाला १३ मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांची) सूट, हे टॉलरन्स, दोहोंत किमान राहणारी ७ मायक्रॉनची मोकळीक, हा अलाउन्स.

या सगळ्याबद्दल मनापासून आभार. माझा तो ईएन २४चा कागद आपण वरिष्ठांकडे न पाठवता मलाच घरी नेऊ दिलात, त्याचे आभार वेगळे.

आपला नम्र,
टूलरूममधला जुना शिकाऊ