डाव्या हातातला फोन

औलू, फिनलंड
२१ सप्टेंबर

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला गेलं की आपलं भांडण होतं, म्हणून लिहितोय. आई, तू मोठ्याने वाच. बाबा, पत्र संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही.

गेल्या शनिवारी मामीने गौरी-गणपतीचे फोटो पाठवले. त्यातल्या एका फोटोत बाबा सोफ्यावर बसलेत आणि शेजारी भिंतीला काठी टेकवलेली आहे. आपल्या घरात काठी कुणाची? मामीला विचारलं तेव्हा कळलं, की बाबा न्हाणीघरात पडून तीन आठवडे झाले. त्या तीन आठवड्यांत आपण रोज बोलत होतो. पाऊस किती झाला, कोयनेत पाणी किती आलं, सगळं सांगितलंत. खुब्याला मार बसलाय, एवढंच तेवढं राहिलं.

मला इतका राग आला की मी फोन केला नाही. रविवारी सकाळी गाडी काढली आणि एका धबधब्याला गेलो. त्याचं नाव हेपोक्योंगॅस. इकडच्या भाषेत हेपो म्हणजे घोडा आणि क्योंगॅस म्हणजे जिथे पाणी कोसळतं ती जागा. औलूपासून साधारण एकशेतीस किलोमीटरवर पुओलांका म्हणून गाव आहे, त्याच्या हद्दीत. बाबा, हे गाव तुम्हाला फार आवडेल. वस्ती तीन हजारांच्याही आत, तरणी मुलं शहरात निघून गेलेली, म्हणून लोकांनी स्वतःच्या निराशेचीच जाहिरात केली. गावाकडे जाताना ‘पुढे पुओलांका आहे, अजूनही मागे फिरता येईल’ अशा अर्थाची पाटी लावलेली. ‘आपलं काही खरं नाही’ हे तुमचं वाक्य तिथे खपून जाईल.

रस्त्यात दोन रेनडिअर आडवे आले. आपल्याकडच्या म्हशींसारखेच, हॉर्नला दाद देत नाहीत. गाडी बंद करून बसून राहायचं.

धबधबा २४ मीटरचा. हसू नका. वजराईच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला २४ मीटर म्हणजे घराच्या पागोळ्या. पण हा देश सपाट आहे, इथे एवढी उंचीसुद्धा मोठ्या धबधब्यांत मोजतात. आता तुम्ही विचारणार, विसर्ग किती? पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी तुमचा पहिला प्रश्न तोच असतो. आकडा मला माहीत नाही, पण गणित उलटं आहे एवढं सांगतो. आपले ओढे जून-जुलैत फुगतात, इथले मे महिन्यात, बर्फ वितळतं तेव्हा. हिवाळ्यात हाच धबधबा बर्फाच्या पडद्याआड जातो. मी गेलो तेव्हा नुकताच पाऊस झाला होता, त्यामुळे बऱ्यापैकी अंगात आला होता.

आई, पाण्याचा रंग बघून तू नाक मुरडलं असतंस. अगदी कोऱ्या चहाचा रंग, वर पांढरा फेस. घाण नाही गं ती. आजूबाजूला मैलोन् मैल दलदल आहे. तिथे शेवाळ वर्षानुवर्षं अर्धवट कुजत साठतं, त्याचा अर्क पाण्यात उतरतो. ओंजळीत घेतलं तर फिकट पिवळं, डोहात पाहिलं तर काळं.

जंगल मात्र आपल्यासारखं नाही. कासच्या बाजूला दहा पावलांत वीस जातीची झाडं दिसतात. इथे स्प्रूस, पाईन आणि बर्च, तीन नावं शिकलं की झालं. बर्च आता पिवळे पडलेत. स्प्रूसच्या फांद्यांवरून दगडफुलासारख्या करड्या दाढ्या लोंबतात, त्या जिथे हवा स्वच्छ असते तिथेच वाढतात म्हणे. आणि जमिनीवर शेवाळाची गादी. मनगटापर्यंत हात आत जातो, तरी माती लागत नाही. या शेवाळाने सगळे आवाज खाऊन टाकलेले असतात. ठोसेघरला कसं, धबधब्याच्या आधी माणसं, कणसं आणि माकडं ऐकू येतात. इथे मी एकटा. वळण घेईपर्यंत पाण्याचाही आवाज नव्हता, आणि वळल्यावर एकदम अंगावर आला.

एका दगडावर बसून थर्मासमधला चहा काढला, सोबत तू दिलेल्या चकल्यांचा शेवटचा चुरा. तेवढ्यात एक पक्षी अगदी हाताच्या अंतरावर येऊन बसला. करडा-तपकिरी, शेपटी विटेच्या रंगाची. कुक्केली म्हणतात त्याला. माणसाला भीत नाही. तो दिसणं इथले लोक शुभ मानतात. त्याने चकलीचा तुकडा उचलला आणि एका स्प्रूसच्या सालीमागे खोचून ठेवला. हिवाळ्याची बेगमी. तुझी भाजणी फिनलंडच्या जंगलात एका खोडात जमा आहे.

मग ते झालं, ज्यासाठी हे पत्र. पायवाट सोडून मी पाण्याजवळ उतरायला गेलो. इथे खडकावर मातीचा थर पातळ, त्यामुळे स्प्रूसची मुळं खोल जात नाहीत, वरच्यावर पसरतात. ओल्या मुळावर पाय पडला आणि मी सरळ आडवा. उजवा हात खाली आला. फोनला रेंज होती. इथे ११२ चं एक ॲप असतं, त्यावरून फोन केला की आपण कुठे आहोत ते मदतवाल्यांना आपोआप कळतं. पण तशी वेळ नव्हती. शेवाळात पाठ भिजत पडून राहिलो आणि डोक्यात पहिला विचार काय आला माहीत आहे? ‘आईला सांगायचं नाही.’ दुखतंय किती, मोडलंय का, गाडी कशी चालवायची, हे सगळं त्याच्या नंतर.

तिथेच हसायला लागलो. राग कुठल्या तोंडाने धरायचा?

मनगट मोडलं नाही, मुरगळलंय. पट्टा बांधलाय, दोन आठवड्यांत सुटेल. आई, बुधवारी तू विचारलंस ना, ‘फोन डाव्या हातात का रे?’ आणि मी म्हटलं, उजव्या हाताने भाजी ढवळतोय. भाजी नव्हती. हे पत्रही मोबाइलला बोलून उतरवलंय आणि चुका डाव्या हाताने दुरुस्त केल्यात.

आणि एकट्याने जंगलात जाणार नाही असं तुला मार्चमध्ये कबूल केलं होतं, तेही मोडलंच. त्याबद्दल काय बोलायचं ते बोल, पण बाबांचं झाल्यावर.

येताना एका हाताने थोडी लिंगनबेरी गोळा केली. कुणाच्याही रानातून फळं तोडायला इथे कायद्याने मुभा आहे. लाल, मण्याएवढी, चवीला कच्च्या करवंदाच्या जवळची, मागून जराशी कडू. तुझ्या करवंदांच्या पद्धतीने मोहरीची डाळ आणि हिंग घालून लोणचं घातलंय. बेन्झोइक आम्ल तिच्यात उपजतच असतं, त्यामुळे नुसती पाण्यात ठेवली तरी महिनोन् महिने टिकते. मीठ मात्र जास्त झालं बहुतेक. फळ आंबट असलं की गूळ आधी घालायचा का फोडणीनंतर, ते कळव.

बाबा, आता तुम्ही बोला. एक्स-रे काढला का? काढला असेल तर रिपोर्टचा फोटो मला पाठवा. ‘काही नाही, नॉर्मल आहे’ असा निरोप नको. न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घ्या. प्लंबरला मीच फोन करतो, नंबर तेवढा द्या. काठी उंचीला बरोबर आहे का? फोटोत मला आखूड वाटली. आणि टोकाला रबर आहे ना?

माझ्या मनगटाचा फोटो सोबत जोडतोय. सूज दिसते, पण कालच्यापेक्षा कमी आहे. कालचाही जोडतो, म्हणजे खात्री पटेल.

तुमचा,
बंड्या