पांढरा रंग म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे

महोदय,

परदेशात पांढऱ्या हरणांच्या शिकारीसाठी मोजल्या जाणाऱ्या रकमांविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. असे प्राणी जन्मतःच सदोष असतात, त्यामुळे त्यांना मारल्याने कळपाचे नुकसान होत नाही, हा त्यातील युक्तिवाद मुळीच पटत नाही. हा रंग बहुधा अप्रभावी जनुकामुळे येतो आणि ते जनुक नेहमीच्या रंगाच्या आईबापांतही दडलेले असते. त्यामुळे पांढरे जनावर टिपून कळप सुधारत नाही, भिंतीवर मिरवायला एक दुर्मीळ मुंडके तेवढे मिळते. रेवाच्या जंगलात १९५१ मध्ये पकडलेल्या ‘मोहन’ या वाघाच्या पांढऱ्या बछड्याचे कौतुक आपण आजही करतो, पण त्याच शिकारीत त्याची आई आणि भावंडे गोळीला बळी पडली, याचा उल्लेख क्वचितच होतो. आपला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा प्रजाती पाहून संरक्षण देतो, रंग पाहून नव्हे. पांढरे चितळही त्याच्या लेखी चितळच असते. ताडोबा आणि पेंच ज्यांच्या उंबरठ्यावर आहेत, अशा वाचकांसाठी छापलेल्या लेखात या कायद्याचा उल्लेख अवश्य हवा होता आणि आपण तो पुढील अंकात करावा, ही विनंती.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर