आई-बाबांना, ह्वांगज्वेपिंगहून

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मी पाठवलेले इथल्या रंगवलेल्या रस्त्याचे फोटो पाहून तुम्ही फोनवर विचारलंत, "ही चित्रं लोकांनी काढलीत, की लोकांच्या भिंतींवर काढलीत?" तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

खरं उत्तर असं की दोन्ही. ह्वांगज्वेपिंग हा चीनमधल्या चोंगचिंग शहराचा, यांगत्से नदीजवळचा जुना भाग. सिच्वान ललित कला संस्था इथलीच, 1940 सालची. वस्ती मात्र कामगारांची. सहा-सात मजली जुन्या चाळवजा इमारती, खाली दुकानं. 2007 मध्ये स्थानिक प्रशासन आणि संस्थेने मिळून सव्वा किलोमीटरचा हा अख्खा रस्ता रंगवला. 37 इमारती, आणि हात लागले ते 800हून जास्त कामगारांचे, विद्यार्थ्यांचे, चित्रकारांचे. म्हणजे ठरलं वरून, पण परांचीवर चढून अस्तर मारणारा रंगारी आणि शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी एकाच भिंतीवर राबले. मला त्यातलं हेच आवडतं. कुठल्याही भिंतीखाली उभं राहून 'हे अमक्याचं चित्र' असं म्हणता येत नाही.

जवळून पाहिलं की आणखी मजा. एका इमारतीवर निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा भलामोठा प्राणी आहे. त्याचे पट्टे एसीच्या डब्यांवरून, सांडपाण्याच्या पाइपावरून, खिडक्यांच्या गजांवरून न थांबता जातात. तिसऱ्या मजल्यावर, बरोबर त्याच्या डोळ्याच्या जागी खिडकी आहे आणि तिथे एक आजी बांबूच्या काठीवर कपडे वाळत घालतात. नवीन एसी बसवलेल्या ठिकाणी पांढरा डबा तसाच राहिलाय, चित्राला ठिगळ लावल्यासारखा. दमट हवेने खालच्या बाजूचे रंग पोपडे धरून सुटतात. तुम्ही असतात तर नखाने खरवडून आधी अस्तर पाहिलं असतं.

संस्थेचा मोठा कॅम्पस आता शहराबाहेर गेलाय, पण जुनं आवार इथेच आहे. फाटकासमोर रंग-कागदांच्या दुकानांची रांग आणि मधूनमधून प्रवेशपरीक्षेचे क्लास. पोरं पाठीवर ड्रॉइंग बोर्ड अडकवून फिरतात. रेखाटन, रंगकाम आणि झटपट रेखाटन, असे तीन पेपर. आपल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या दिवसांत घरात जी धांदल असायची, तीच इथे रस्त्यावर दिसते. वस्तुचित्रासाठी मांडलेली तीच ती बाटली, तीच फळं, मागे तोच चुरगळलेला कपडा.

याच संस्थेत शिकत असताना लुओ झोंगली यांनी 1980 मध्ये 'वडील' हे चित्र काढलं. एका शेतकऱ्याचा सुरकुतलेला चेहरा, हातात वाडगा, आणि चित्र दोन मीटरहून उंच. एवढा मोठा चेहरा तोवर चीनमध्ये फक्त माओंचा रंगवला जायचा. लुओंनी ती जागा एका शेतकऱ्याला दिली. हा रस्ता रंगवला तेव्हा तेच संस्थेचे प्रमुख होते. मूळ चित्र बीजिंगच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात आहे. मी फक्त छापील प्रत पाहिलीय, तरी बराच वेळ तिच्यासमोरून हलवेना.

पण तुमच्या प्रश्नाचं पक्कं उत्तर मला भिंतींवर नाही, एका चहाच्या दुकानात मिळालं. 'ज्याओथोंग' म्हणजे वाहतूक, त्या नावाचं हे जुनं चहाघर याच रस्त्यावर आहे. उंच छप्पर, धुराने काळवंडलेल्या भिंती, लाकडी टेबलं आणि बिनपाठीचे बाक. झाकणाच्या वाटीत चहा येतो. एकदा पैसे दिले की हवं तेवढं गरम पाणी, कुणी उठवत नाही. म्हातारे लांबट पत्त्यांचा डाव मांडतात. खांद्यावर बांबू टाकून ओझी वाहणारे हमाल इथेच टेकायचे, आता ते फार उरले नाहीत. चेन आनज्येन नावाचे चित्रकार वर्षानुवर्षं इथे बसून याच गिऱ्हाइकांची चित्रं काढत आले. दुकान बंद पडायची वेळ आली तेव्हा त्यांनी पदरचे पैसे घालून ते चालू ठेवलं. बाबा, ज्यांची चित्रं काढली त्यांची बसायची जागाही या माणसाने वाचवली! लोकांची कला म्हणायची तर मी आधी याला म्हणेन, रंगवलेल्या इमारतींना त्यानंतर. रस्ता सुंदर आहे, पण त्या आजींना कुणी विचारलं होतं का, तुमच्या खिडकीभोवती डोळा काढू का म्हणून?

आता फोटो काढणाऱ्यांची गर्दी वाढलीय. जवळच्या औष्णिक वीज केंद्राच्या दोन उंच धुराड्या 2014 पासून थंड आहेत. तो सगळा भाग आता कलेसाठी वापरायचा बेत आहे. चांगलंच आहे, फक्त पत्ते खेळणारे म्हातारे तिथून उठू नयेत एवढंच वाटतं. पर्यटक आले की भाडी वाढतात, आणि मग ज्यांच्यामुळे लोक बघायला येतात तेच आधी हलवले जातात. आपल्याकडे मालवणात किनाऱ्यालगतची घरं कशी होमस्टे होत गेली, ते तुम्ही पाहिलंयच.

आई, तुझ्यासाठी एक गंमत. इथे जेवणात जे जीभ बधिर करणारं फळ घालतात ते आपल्या तिरफळाच्याच कुळातलं. मऊ टोफू, ऊन भात आणि त्या फळाची तिखट चटणी असं ताट या रस्त्यावर मिळतं. पहिल्या घासाला तुझं बांगड्याचं तिखलं आठवलं. आणि रस्त्याकडेची सावली देणारी मोठाली झाडं वड-पिंपळाच्या जातीची. तुला परकं वाटणार नाही.

तुम्ही दोघांनी यावंच असं मी ठरवलंय. उन्हाळ्यात नको, हे शहर भट्टीसारखं तापतं. मार्च बरा. चोंगचिंग म्हणजे पायऱ्याच पायऱ्या, पण हा रस्ता त्या मानाने सपाट आहे. आईच्या गुडघ्याला झेपेल, दमली तर चहाघर आहेच. बाबा, स्केचबुक आणि 6बी पेन्सिली आणा. चहाघरात कुणी हरकत घेत नाही, उलट वाकून बघतात आणि नाक चुकलं तर सांगतात. दोघांच्या पासपोर्टच्या तारखा आजच बघून मला कळवा, म्हणजे व्हिसाच्या कागदांना लागते.

तुमची,
मनू